सावकाश म्हटलेली औटकी

पंतोजीचं काम म्हणजे घसा आणि छडी, असं पेठेतल्या साऱ्या लोकांना वाटे. समोरच्या वाण्यानं एकदा मला विचारलं होतं, की दिवसभर तुम्ही नेमकं करता काय. मी म्हटलं, "बसतो." त्याला ते पटलं.

खरं म्हणजे घसा बसला तर ज्येष्ठमधाची काडी चघळता येते. थकायचा तो चेहरा. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर तीस-पस्तीस पोरं धूळपाट्या घेऊन बसत. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली, कुणी उपाशी आलेलं, कुणाचा बाप स्वारीवर गेलेला आणि चार महिने पत्र नाही. हे सगळं मला ठाऊक असे, कारण घरोघरची पत्रं वाचायला आणि लिहायला मीच. आणि ते ठाऊक असून सकाळी दिसलेला करडा चेहरा मला दिवेलागणीपर्यंत तसाच ठेवावा लागे. तो जरा सैल झाला की पोरं डोक्यावर बसत, आणि त्यांचे वडीलधारे मला शहाणपण शिकवायला येत.

यावर मी एक तोड काढली होती. संध्याकाळी सगळी पोरं उभी राहून परवचा म्हणत. पावकी, निमकी, पाऊणकी असं करत शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं. तेवढ्या वेळात पंतोजीला काम नसतं. मी हात धुण्याचं निमित्त करून देवळामागच्या हौदावर जाई. कात्रजच्या तलावातून नळानं येणारं ते पाणी गार असे. ते तोंडावर मारायचं, पायरीवर बसायचं, आणि चेहऱ्याला जे करायचं असेल ते करू द्यायचं. कधी काहीच होत नसे. कधी डोळ्यांना धार लागे. औटकी संपत आली की उठायचं. पोरांच्या आवाजात माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही, हे मी पहिल्याच वर्षी ताडून पाहिलं होतं. घरी बायकोलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं.

एका सकाळी माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा काठी टेकत आले आणि मला खुणेनं हौदाकडे घेऊन गेले. पोरगा दहा वर्षांचा, शाळेतलं सगळ्यांत चांगलं अक्षर त्याचं. बाप कर्नाटकच्या स्वारीवर होता. आजोबांच्या हातात पत्र होतं. जासुदानं तोंडी सांगितलं होतं, पण डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळं त्यांना ते माझ्याकडून वाचून घ्यायचं होतं. मला वाटतं, जासूद चुकला असेल एवढीच त्यांची आशा होती. मी वाचलं. जासूद चुकला नव्हता.

म्हातारा रडला नाही. सून माहेरी लोणीला गेली होती, तिला आणायला त्यांनी पहाटेच गाडी धाडली होती. ते म्हणाले, "पंतोजी, त्याला आईच्या कुशीत कळू दे. ती येईतोवर त्याला घरी पाठवू नका. जेवायलाही तुमच्याकडेच ठेवून घ्या." मी बरं म्हटलं.

ओसरीवर परत आलो तर पोरगा कागद घेऊन उभा. मी साफ विसरलो होतो. धुळीत अक्षर घोटून घोटून हात बसला की पहिलं पत्र कागदावर लिहायला द्यायचं, अशी माझ्या शाळेची रीत. त्या दिवशी त्याची पाळी होती आणि ती मीच आठ दिवसांपूर्वी ठरवली होती. पत्र कुणाला लिहायचं हे त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. मी सुचवून पाहिलं, की मामाला लिही. तो म्हणाला, मामाला काय, मामा परवाच येऊन गेला. पत्र बाबांनाच.

नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि होतं ते कारण सांगायचं नव्हतं. मी त्याला बोरू तासून दिला.

त्यानं रेघ ओढली, रेघेखाली अक्षरं मांडली. तीर्थरूप वडिलांचे सेवेसी, साष्टांग नमस्कार. मग तो मजकूर सांगायची वाट पाहत माझ्याकडे बघू लागला. तो मजकूर मी शेकडो पोरांना सांगितला होता, झोपेतही सांगितला असता. येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे.  त्या दिवशी 'कुशल' सांगून मी थांबलो, तर पलीकडे एका पोराच्या हातून दौत सांडली. मी उठून त्याला दोन छड्या ओढल्या. दौत सांडल्याबद्दल मी कुणाला कधी मारलं नव्हतं. सगळी ओसरी चिडीचूप झाली. त्या पोराची मी दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली, पण छडी परत घेता येत नाही.

दुपारी पोरगा माझ्या घरी जेवला. बायको आम्हा दोघांकडे पाहूनच काय ते समजली. त्याच्या भातावर तिनं दोनदा तूप वाढलं आणि आत निघून गेली. मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, हिलाही चेहरा सांभाळता येतो तर.

जेवण झाल्यावर त्यानं पत्र माझ्यापुढं धरलं. चुका काढा म्हणाला. मी म्हटलं, छान आहे. "बाबांना ओळखू येईल माझं अक्षर?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "असं अक्षर कुणीही ओळखेल." जासुदाबरोबर पाठवा म्हणून त्यानं ते माझ्या हाती दिलं. ते मी पगडीत खोचलं, आणि त्या कागदाचं वजन मला दिवसभर कळत राहिलं.

परवच्याच्या वेळी मी हौदावर गेलो. त्या दिवशी जे झालं त्याला रडणं म्हणायचं की काय, मला माहीत नाही. उठायचं म्हटलं तर पाय उठेनात. दिडकी झाली, अडीचकी झाली, औटकीही संपली. आता गलका होणार, कुणीतरी शोधत येणार, असं वाटलं. तेवढ्यात पावकी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सांगणारा आवाज त्याचा होता.

मी तोंड पुसून पुढं आलो. पोरं हात जोडून उभी होती. त्यानं दुसऱ्याला सांगायला लावलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "पंतोजी, बसा अजून. औटकी आम्ही तुमच्यासाठी नेहमीच सावकाश म्हणतो. आज वेळ लागतोय म्हणून परत सुरू केली."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. मोठ्या पोरांनी धाकट्यांना सांगून ठेवलं असणार.  कोपऱ्यावर लोणीची गाडी येऊन थांबली होती. मी त्याचा हात धरून त्याला गाडीपर्यंत नेलं आणि आईच्या स्वाधीन केलं.

पुढचे पंधरा दिवस मला एकाच गोष्टीची धास्ती होती. हा पोरगा आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार नाही. पंतोजीजवळ दुसरं असतं काय? पंतोजीनं सांगितलेलं खरं असतं, एवढ्यावर सगळी शाळा चालते.

तो आला तेव्हा बापाच्या क्रियेसाठी डोकं भादरलेलं होतं, मान बारीक दिसत होती. धूळपाटी न मांडता तो सरळ माझ्यापुढं येऊन बसला.

"तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

"होतं," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पगडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणून तुम्ही एकही चूक काढली नाहीत. आता काढा."

मी पगडीतून पत्र काढलं. ते मी कुठंच ठेवू शकलो नव्हतो. शेवटाकडे रेघ उतरली होती, दोन ओळींमधलं अंतर कमीजास्त झालं होतं, एका जागी शाई टिपायला टाकलेली वाळू लवकर झटकल्यानं शाई पसरली होती. मी एकेक दाखवलं. तो मान डोलवत गेला. मग त्यानं नवा कागद मागितला आणि तेच पत्र, त्याच मायन्यानं, पुन्हा लिहायला बसला. मी मजकूर सांगितला, पूर्ण सांगितला, आणि या वेळी डोळे पुसायला कुठं गेलो नाही.

त्या संध्याकाळी परवच्याला मी ओसरीवरच बसून राहिलो. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. औटकी मात्र त्यांनी नेहमीसारखीच सावकाश म्हटली.