डोलीवाल्यांच्या दगडाला शेंदूर

मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते. वाचून हे पान पुढच्या घरी द्या.

प्लेगच्या आजाऱ्यांना डोलीतून छावणीत नेता नेता आपल्या गावचे तीन डोलीवाले स्वतःच प्लेगने गेले. गावाने छावणीच्या जागेवर त्यांच्या नावांचा दगड उभारला. वडिलांनी मला घरीच लिहायला शिकवलंय, म्हणून अक्षरं मी आखली आणि पाथरवटाने कोरली.

त्यातल्या रहीमची बायको अमीनाबी हिला वाचता येत नाही. ती नवऱ्याच्या नावावरून बोट फिरवून येते. आज धावत आली, "अक्का, यांचं नाव कुटं गेलं?"

जाऊन पाहिलं, तर सगळा दगड शेंदराने माखलेला. शेजारच्या शेतात पाटील होते. हसून म्हणाले, "देव झाले ते आता. देवाला नाव कशाला लागतंय?"

अमीनाबी म्हणाली, "माजा माणूस देव न्हाई, डोलीवाला व्हता."

शेंदूर कोणी लावला हे मी पाहिलेलं नाही, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण भक्तीने लावणारा अक्षरांच्या खाचा दाबून दाबून कशाला बुजवील? आणि देवस्थान ठरलं की भोवतालची सरकारी जमीन पूजेसाठी इनाम मागता येते. पाटील आत्ताच म्हणतात, पूजा आमच्याच घराकडे राहील.

उद्या सकाळी मी तेल आणि फडकं घेऊन जाणार आहे. शेंदूर पुसणं पाप आहे का, मला खरंच ठाऊक नाही. एकटी गेले तर पोरीने देव बाटवला म्हणतील. तुमच्यातलं कोण येतंय?