सातवा बार

आसाराम विहिरी खोदायचा. देवळाली प्रवरेच्या आसपासच्या मळ्यांत त्याची उमर गेली. गुडघे गेले तशी पहार सुटली, आणि एकाहत्तर साली तो गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर दिसू लागला. शिक्षण चौथीपर्यंत. बोट ठेवून वाचायचा, पण ओळ सोडायचा नाही. आणि वाचायचा फक्त भुताखेतांचं.

नगरचा दुकानदार नव्या पुस्तकांची पेटी पसंतीला पाठवी. वाचनालयाच्या मंडळाचे लोक कव्हरं बघून निवडत. पुस्तक परत करताना वाचणाऱ्यानं अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या, असा तिथला नेम होता. बाकीचे 'छान' लिहून मोकळे होत. आसाराम लिही, 'भूत तिसऱ्याच पानावर आलं. लेखकाला घाई.' 'नुसत्या किंकाळ्या. मेहनत नाही.' 'विहीर किती खोल, ते लेखकाला माहीत नाही. उतरला नसावा.'

त्याच वहीनं घात केला. चैत्रात मंडळाची सभा भरली. अध्यक्ष भाऊसाहेब, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी ठराव मांडला, भुताची पुस्तकं बंद.

"माणसं चंद्रावर जाऊन आली आणि आपण हडळी वाचतोय! मी एकटा म्हणत नाही. गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक काय म्हणतंय, ऐका." त्यांनी वहीतल्या त्या ओळी वाचून दाखवल्या. सगळे खो खो हसले.

आसाराम बाहेर ओट्यावरच होता. मांडीवर कालच वाचून झालेलं पुस्तक. रानातलं काम गेलं होतं, आता हेही जाणार, आणि तेही त्याच्याच अक्षरानं. तो दाराला धरून आत आला.

"भाऊसाहेब, ते मीच लिवलंय. पर त्याचा अर्थ असा न्हाई."

"मग कसा? पुस्तकं वाईट आहेत, असंच लिहिलंस ना?"

"कच्चं बांधलं तर गवंड्याला आपुन बोलतो. घरच बांधू नका म्हनतो का?"

ग्रंथपाल सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला. भाऊसाहेब म्हणाले, "बरं, मग पक्कं काम दाखव."

आसारामनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे नवंच हाय. पाटावरचा चौकीदार रोज पानी अडवायची पाच लोखंडी दारं खाली पाडतो. पाडताना मोजतो. एक दिवस पाच पाडून घरी निघतो, तर मागं सहावं पडल्याचा आवाज. पाटाला सहावं दारच न्हाई. पुस्तक संपलं तरी भूत दिसत न्हाई. तो मानूस नुसता मोजत ऱ्हातो."

"यात भ्यायचं काय?"

"मोजनाऱ्याला इचारा. हिरीत खडक लागला की आमी सुरुंग भरायचो. वाती पेटवून वर यायचं आन् बार मोजायचे. जेवढे भरले तेवढे वाजले, तरच खाली उतरायचं. एकदा सात भरले, सहाच वाजले. माजा जोडीदार कानिफनाथ म्हनला, दोन एकदम वाजले असतील, चल. मी त्याचा दंड सोडला न्हाई. दुसऱ्या दिवशी उतरलो. काय झालं न्हाई. पर तो सातवा बार तीस वर्सं माज्या कानात वाजायचा ऱ्हायलाय. घरी सांगितलं तर मंडळी म्हनली, झालं न्हाई ना काय, मग जेवा."

भाऊसाहेबांनी हातातली वही मिटली.

"ह्या लिवनाऱ्यानं मला बगितलं न्हाई. पर माजं त्यानं लिवलं. पयल्यांदाच वाटलं, हे आनिक कुनाला तरी म्हाईत हाय. लई उपकार हायेत त्याचे."

भाऊसाहेबांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. "ठेव इथं. मी वाचतो. तोवर ठराव तहकूब."

आठवड्यानं सुमनबाईंनी आसारामपुढं वही धरली. हेडमास्तरांचं ठसठशीत अक्षर होतं, 'दोनदा उठून कडी पाहिली. लेखकाने कष्ट घेतले आहेत.' खाली मंडळाचा निर्णय, भीतिकथांची पुस्तकं येतील. पेटीतली आधी आसाराम वाचतील आणि पसंत करतील तेवढीच ठेवायची.

"बाबा, कामावर घेतलंय तुम्हाला," सुमनबाई म्हणाल्या.

आसारामनं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. टोपी काढली, पुन्हा घातली.

"हजेरी किती वाजता?"