मोरवेलीची जागा

नर्सरीवाल्या काकूंनी आधी वेल दाखवलीच नाही. "ऊन कुठून येतं? वारा किती असतो?" असंच विचारत राहिल्या.

"गॅलरीची जाळी झाकायची आहे. दाट वेल हवी," मी म्हटलं. समोरच्या इमारतीतला माणूस रोज सकाळी खिडकीत उभा राहून माझ्याकडे बघतो, हे मी सांगितलं नाही. घरीही सांगितलेलं नाही.

"मग मोरवेल ने. तिचे पाय सावलीत हवेत आणि डोकं उन्हात. फुलं मात्र बाहेरच्या अंगाला येतील. समोरच्यांची मजा, तुला नुसते देठ."

मला त्या वेलीचा हेवा वाटला. मला तर डोकंही सावलीतच लपवावं लागत होतं.

आता जाळी जवळजवळ भरली आहे. मी त्याला दिसत नाही, पण तो उभा आहे की गेला, हेही मला कळेनासं झालं. म्हणून एक कोपरा मी मोकळा ठेवला आहे. कपडे वाळत घालण्याआधी तिथून बघून घेते. मोरवेलीचा शेंडा तिकडे वळला की त्याला हलकेच सोडवून पुन्हा मागे फिरवते.