नळावरची सभा

आमच्या कल्याणच्या मंडळीचे मोठे निर्णय कधी वेदीसमोर झाले नाहीत. ते चर्चच्या मागच्या नळावर, खरकटी भांडी घासताना झाले. ही पद्धत सिस्टरांनी पाडलेली. दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या नर्सबाई आमच्या पंचकमिटीच्या चिटणीस होत्या. कागदोपत्री त्यांचं नाव वेगळं होतं, पण पाळकसाहेबांपासून पोराटोरांपर्यंत सगळे त्यांना सिस्टरच म्हणत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र प्रीतिभोजन असे. जेवणं झाली की सिस्टर पदर खोचून नळाशी उभ्या राहत आणि येईल त्याच्या हातात काथ्या देत. त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता. घरी स्वतःचा कप न विसळणारा माझा नवरा तिथे उकिडवा बसून परात घासताना मी पहिल्यांदा पाहिला, तेव्हा नवी नवरी असूनही मला हसू आवरलं नाही. सिस्टरांचं म्हणणं असं, की बाकावर बसलेली माणसं पाळकसाहेबांना बरं वाटेल ते बोलतात आणि हात राखेत गेले की मनातलं बोलतात.

आमच्यातले मास्तर फार बोलके. "थोडक्यात सांगतो" म्हणाले की पोरं पेंगायला लागत. सिस्टर त्यांच्यासाठी आठवणीने बुडाशी करपलेलं पातेलं बाजूला काढून ठेवत. ते घासून निघेपर्यंत बाकीच्यांचं बोलून होई. मास्तरांना हा डाव केव्हाच कळला असणार, पण त्यांनी पातेलं नाकारलं नाही.

जो गप्प असेल त्याच्याकडे मात्र सिस्टर हमखास वळत. "तू अजून बोलला नाहीस," एवढंच म्हणत आणि थांबत. विठ्ठलवाडीचा एक रखवालदार असाच वर्षानुवर्षं गप्प होता. एकदा विचारल्यावर तो म्हणाला की त्याची रात्रपाळी नऊला सुटते आणि उपासनाही नऊला सुरू होते, त्यामुळे पहिलं गीत त्याला कधी मिळतच नाही. उपासना दहाला न्यायचं त्याच नळावर ठरलं.

नव्वद सालानंतर आमची बहुतेक मंडळी डोंबिवलीला राहायला गेली. आम्हीही तिकडे ब्लॉक घेतला. मग विषय निघाला, की डोंबिवलीकरांनी एखाद्या शाळेच्या वर्गात सकाळची उपासना सुरू करावी आणि पाळकसाहेबांनी संध्याकाळी कल्याणची घ्यावी. तसं झालं तर कल्याणला मूठभर म्हातारी माणसं आणि सिस्टर एवढेच उरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सिस्टरांना मूलबाळ नव्हतं. चर्चच्या भिंतीला लागून त्यांची एक खोली. दर रविवारी उपासना सुटली की आम्ही सगळे त्या खोलीत चहाला घुसत असू. कुणी दारात, कुणी पलंगावर, आणि कपबशा कमी पडल्या म्हणून कुणी वाटीत चहा घेऊन. मास्तर म्हणाले की हा विषय पंचांनी आपल्यातच मिटवावा. सिस्टरांनी ऐकलं नाही. ज्यांना लांबून यावं लागतं त्यांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं म्हणून त्यांनी तो नळावर आणला.

त्या दिवशी त्या माझ्याकडे वळल्या. "तू अजून बोलली नाहीस."

मी खाली बघूनच बोलले. "सासूबाईंना स्टेशनचा पूल चढवत नाही, सिस्टर. किती महिन्यांत त्यांनी प्रभुभोजनाची भाकर घेतलेली नाही. मला इथेच यायचं असतं. पण तिकडे झालं तर त्या येतील."

आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "तुम्हीही अजून बोलला नाहीत."

सिस्टरांनी नळ बंद केला. "मला नकोय ते," त्या म्हणाल्या. "रविवारी तुम्ही आलात की माझं घर भरतं. पण माझं घर भरावं म्हणून तुझ्या सासूने प्रभूच्या मेजावाचून राहायचं, हे मला पटत नाही." पंचांपुढे तो ठराव शेवटी त्यांनीच मांडला.

तिकडची उपासना सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी त्यांनी मंडळीचा जर्मनचा मोठा टोप तिकडे सामान नेणाऱ्या आमच्या टेम्पोत चढवला. एवढा मोठा आम्हाला काय करायचा, असं मी म्हटलं. "एकट्याला घासता येत नाही तो. असू दे," त्या म्हणाल्या. "इथे आता लहान पुरेल."

डोंबिवलीच्या पहिल्या प्रभुभोजनाला सासूबाई पुढच्या बाकावर बसून रडल्या. झालं ते योग्यच झालं. तरी रविवारी चहा उकळला की मला त्या खोलीची आठवण येई, आणि अजून येते. सुरुवातीला आम्ही संध्याकाळी कल्याणला जात असू. पुढे मुलांच्या शाळा आल्या, नवऱ्याला रविवारची ड्यूटी लागली, आणि जाणं नाताळापुरतं उरलं.

सिस्टर गेल्या तेव्हा आम्ही तो टोप परत कल्याणला नेला. दफनविधीनंतर चर्चच्या आवारातच सगळ्यांचं जेवण झालं. मग सवयीने सगळे नळावर जमले. करपलेलं पातेलं मास्तरांनी न सांगता आपल्याकडे ओढलं. चिटणीस कोण होणार, कल्याणची संध्याकाळची उपासना चालू ठेवायची की नाही, सगळं बोलून झालं. मला सांगायचं होतं की ती बंद करू नका, आम्ही येऊ. टोप घासत मी वाट बघत राहिले, पण माझ्याकडे कुणी वळलं नाही.