काचा घासणाऱ्याचं बोट

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक आरशापुढं बसतं, फ्रेम लावून मान इकडंतिकडं वळवतं आणि निघून जातं. चष्म्याचं खरं काम मागच्या खोलीत चालतं. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दादा बसायचे. मी पुढं बसून स्क्रू पिळायचो, वाकड्या दांड्या सरळ करायचो.

दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. एकाच जिन्यावर समोरासमोर राहायचो आणि एकाच दुकानात जायचो, म्हणून ते दादा, त्यांची बायको वहिनी आणि मी त्यांचा भावजी. दुकानात मात्र सगळे त्यांना ‘इंजिन’ म्हणत. मागच्या दाराच्या पायरीवर बसून पहिली सिगारेट विझायच्या आत ते दुसरी पेटवायचे.

काच गोल येते. ती फ्रेमच्या आकाराची करायची म्हणजे आधी रेघ मारायची, जास्तीची काच चिमट्यानं मोडायची आणि मग फिरत्या दगडावर कड घासायची. दगडावर सारखी पाण्याची धार. कड नीट झाली की नाही हे दादा डोळ्यानं बघत नसत. उजव्या हाताची तर्जनी काचेभोवती फिरवायचे, “अजून केसभर” म्हणायचे आणि पुन्हा दगडाला लावायचे. त्यांची काच मला कधीच परत पाठवावी लागली नाही असं म्हटलं तर खोटं होईल. क्वचित लागली. पण तेव्हाही चूक बहुतेक माझ्या फ्रेमची निघायची.

त्यांचं ते बोट एका हिवाळ्यात बिघडलं. पाण्यात गेलं की पांढरं पडायचं, मग निळं, मग टोकाशी एक काळा ठिपका दिसू लागला. दगडाचा काळा चिखल नखाखाली जाणं हे आमच्या धंद्यात रोजचं. दादांना वाटलं तेच. ते सुईनं तो ठिपका उकरत बसायचे. घरी वहिनी साबण लावून ब्रशनं घासायच्या. चिखल काही निघेना, उकरलेली जागा भरून येईना, आणि दुखणं मात्र वाढत चाललं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाची करंगळी अशीच काळी पडून काढावी लागली होती. तेव्हा ‘बूट चावला’ म्हणून त्यांनी ते सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं, स्वतःच्याही. हाताच्या बोटाला बूट चावत नाही, म्हणून शेवटी डॉक्टरकडं जायला तयार झाले. मी सोबत गेलो.

डॉक्टरबाईंनी बोट बघितलं, दुसरी बोटं बघितली, मनगटाची नाडी चाचपली.

“सिगारेट?”

“कमी केलीय,” दादा म्हणाले.

“कमीचा काही उपयोग नाही. तुमच्या रक्तवाहिन्या धुरानं बंद होतायत. एक ओढली काय आणि पाकीट ओढलं काय, या बोटाला सारखंच. आजपासून पूर्ण बंद केलीत तर बोट वाचेल. कदाचित.”

“जेवणानंतर एखादी?”

“एखादी ओढायची असेल तर बोटाचा विचार सोडून द्या. आणि ते गेलं की शेजारचं आहेच.”

बाहेर आल्यावर दादा म्हणाले, “बाई तोंडाची फटकळ आहे. आपल्या मालकाच्या घरात सून म्हणून पाठवायला हवी.” आम्ही हसलो. मग त्यांनी खिशातलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “टाकून दे. मी टाकलं तर कुठं टाकलं ते माझ्या लक्षात राहील.”

मालकांनी त्यांना पाण्यापासून दूर म्हणून पुढं काउंटरवर बसवलं. तिथं त्यांचं घोडं पेंड खाऊ लागलं. मागच्या खोलीत आयुष्य काढलेला माणूस, त्यात डोकं सारखं ठणकत असलेला. एक गृहस्थ म्हणाले, “या चष्म्यातून जवळचं नीट दिसत नाही.” दादा म्हणाले, “जवळचं बघण्यासारखं काय आहे तुमच्या घरात?” गृहस्थ चष्मा तिथंच ठेवून गेले. मालकांनी मला आत बोलावून विचारलं, “हा माणूस असाच राहणार का रे?” मी म्हटलं, “पहिले दिवस आहेत, निवळतील.” सगळेच तसं म्हणत. पहिले दिवस काढले की पुढं सोपं.

कोपऱ्यावरचा टपरीवाला तर मला रोज थांबवायचा. “काय हो, इंजिन शेडमध्ये गेलं की काय?” म्हणून आम्ही मागच्या गल्लीनं घरी जाऊ लागलो. त्या गल्लीत एक शिंपी दारात बसून ओढायचा. दादांची पावलं तिथं मंद व्हायची. मी काहीबाही बोलत त्यांना पुढं न्यायचो. मला फारसं बोलता येत नाही, त्यामुळं तेही धड व्हायचं नाही.

त्यांची दशा बघवत नव्हती. तोंडात फोड आले. भूक लागायची आणि घास फिरायचा. सकाळी पोट साफ होईना. “इंजिनाला कोळसाच नाही, चाक कसं फिरणार?” असं ते पहिल्यांदा स्वतःच म्हणाले, मग तेही म्हणेनासे झाले. रात्री बोट इतकं ठणकायचं की हात पलंगाखाली लोंबता ठेवूनच जरा डोळा लागायचा. आधी दुखलं की सिगारेट पेटवायची आणि दुखणं धुरात विसरायचं अशी सवय. आता दुखण्यासमोर नुसतं बसून राहायचं.

वहिनींनी लग्नापासून त्या सिगारेटशी भांडण मांडलं होतं. पडदे, उशा, स्वतःचे केस, सगळ्याला वास म्हणून त्या चिडायच्या. आता घरात वास नव्हता. एकदा जिन्यावर त्या मला म्हणाल्या, “भावजी, भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो. हे भिंतीकडं तोंड करून बसतात. काल मला म्हणाले, झालं ना तुझ्या मनासारखं? मी काय बोलणार?”

“थोडं धीरानं घ्या वहिनी. बोट वाचतंय.”

“बोट वाचतंय हो,” त्या म्हणाल्या. “त्याच्यामागचा माणूस?”



पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज आला. मी गेलो. दादा दाढी करून टेबलाशी बसले होते, ताटात दुसऱ्यांदा वाढून घेत होते. मला बघून म्हणाले, “ये रे, बस. मालकाला सांग, तो चष्मा ठेवून गेलेला गृहस्थ परत आला तर त्याच्या बायकोचा चष्मा मी फुकट करून देतो.” किती दिवसांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला. मग मला वास आला.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भांडी घासत होत्या.

“मीच आणली,” त्या मागं न बघता म्हणाल्या. “एकच. टपरीवर कधी उभी राहिले नव्हते मी. नाव पण माहीत नाही, म्हटलं ‘त्यांची ती द्या’. त्यानं बरोबर काढून दिली.”

“वहिनी, डॉक्टर म्हणाल्या होत्या...”

“मला ऐकू येतं भावजी. सगळं पाठ आहे मला.” त्यांनी हात पुसले. “यांनी ती किती तरी वेळ नुसती धरून ठेवली. नको म्हणाले. मग काडी ओढता येईना, बोट दुखतं ना. मीच काडी ओढून पेटवून दिली. अर्धी झाली आणि माणूस परत आला हो. मला म्हणाले, तू जेवलीस का? इतक्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं.”

बाहेर दादा काहीतरी गुणगुणत होते. ती दुपार त्या घरातली चांगली दुपार होती, हे मला नाकारता येत नाही.

एकीची दुसरी झाली. रोज नव्हे. वहिनी नाही म्हणायच्या, दोन दिवस नेट धरायच्या, मग त्यांचं ते भिंतीकडचं तोंड बघून टपरीवर जायच्या. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं त्यांचं झालं. त्या दोन दिवसांना दादा पुन्हा ‘सोडली’ म्हणायचे. सोडल्यानंतरचे सोपे दिवस म्हणतात ते त्यांनी कधी पाहिले नाहीत. त्यांच्या वाट्याला पहिलेच दिवस आले, पुन्हा पुन्हा.

पुढच्या खेपेला वहिनीही आमच्याबरोबर आल्या. डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. काळं पेरापर्यंत आलं होतं.

“ओढली ना?”

“हो. मीच आणली,” दादा म्हणाले.

“खोटं बोलतायत,” वहिनी म्हणाल्या. “मी आणली. पेटवूनही मीच दिली.”

“तिला काही कळत नाही, डॉक्टर. मीच पाठवायचो तिला.”

“कधी पाठवलंत? तुम्ही तर नकोच म्हणत होता.”

दोघं एकमेकांकडं न बघता भांडत होती. कागद पुढं ओढून डॉक्टरबाई म्हणाल्या, “कुणी आणली ते बोटाला कळत नाही. पुढच्या आठवड्यात काढावं लागेल.” त्यांचा आवाज पहिल्यासारखा कडक नव्हता, आणि त्यानं जास्तच भीती वाटली.

बोट गेलं. मालक दवाखान्यात फळं घेऊन आले, पाच मिनिटं उभे राहिले. दादा घरी येईपर्यंत मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आलं होतं. ते केव्हातरी येणारच होतं. यंत्राची काच फ्रेममध्ये अगदी बरोबर बसते. मी दादांना तसं सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

टाके निघाले आणि मधल्या बोटाचं टोक पांढरं पडू लागलं. दादांनी पुन्हा सोडली. सोडली त्याच दिवशी दुपारी मी गेलो, तर वहिनी जिन्याच्या पायरीवर बसलेल्या. घराचं दार उघडंच.

“इथं का बसलात?”

“तुम्ही आत जा,” त्या म्हणाल्या. “मी गेले तर देईन.”

दादा खिडकीशी बसले होते. पट्टी बांधलेला हात मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवला होता. कपाळावर घाम.

“ती कुठाय?”

“बाहेर. पायरीवर.”

त्यांनी दाराकडं बघितलं. “बरं आहे. बसू दे तिथंच. दार लावून घे. मी कितीही हाक मारली तरी तिला आत येऊ देऊ नकोस.”

मी दार लावून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसलो. दिवस मावळायच्या आत त्यांनी तिला हाक मारलीच. आधी हळू, मग मोठ्यानं. वहिनी पायरीवरून उठल्या नाहीत. त्या दिवशी तरी नाही.