नोरीनच्या फुफ्फुसातला ठिपका

नोरीन शर्मर सव्वीस वर्षं कालवांच्या शेडमध्ये उभी राहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या खाडीवर तिच्याइतक्या झपाट्याने कालवं निवडणारं दुसरं कुणी नव्हतं. भीती तर तिच्या गावीच नव्हती. एकदा कालवं काढायला कमरेइतक्या पाण्यात उतरल्या असताना शार्क आला, तेव्हा बाकीच्या बायका किंचाळत पळाल्या आणि हिने हातातल्या टोपलीने त्याच्या नाकाडावर हाणलं.

त्या मे महिन्यात ओल्या फळीवरून तिचा पाय घसरला. दोन बरगड्या मोडल्या, त्यावर न्यूमोनिया झाला. विमानाने तिला ॲडलेडच्या हॉस्पिटलात नेलं. नवव्या दिवशी एक तरुण डॉक्टर खाटेपाशी आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बरगड्या सांधतायत, घरी जा आता. स्कॅनमध्ये फुफ्फुसावर एक छोटासा ठिपका दिसलाय. तुमचे गावचे डॉक्टर बघतील. त्यांना पत्र जाईलच."

कसला ठिपका, असं विचारायला तिने तोंड उघडलं, तोवर तो पुढच्या खाटेकडे वळला होता.

दहा तास बसचा प्रवास करून ती घरी आली. नवऱ्याने, क्लेमने विचारलं, "काय म्हणाले?"

"बरगड्या सांधतायत."

पुढचं तिने गिळलं. तिची आई फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेली होती, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. आईच्या छातीतली ती घरघर नोरीन विसरली नव्हती.

मग ती गावच्या दवाखान्यातून फोन येण्याची वाट बघू लागली. काही असतं तर बोलावलं असतं, असं सकाळी वाटायचं. दुपारपर्यंत वाटायचं, इतकं वाईट असेल की सांगायला कुणी धजत नसेल. दोनदा तिने दवाखान्याचा नंबर लावला आणि पलीकडून "हॅलो" येताच ठेवून दिला. विचारलं तर ते खरं होईल, असं काहीतरी मनाने घेतलं होतं. खोकला आला की न्हाणीघराचं दार लावून ती रुमाल उलगडून रक्त आहे का बघायची. अन्न उतरेना.

"अगं, चिमणीसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त खाते," क्लेम म्हणाला. "झालंय काय तुला?"

"बरगडी दुखते."

असे आठ आठवडे गेले. जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, क्लेमने तिला फ्लूची लस टोचून घ्यायला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. तिथली नर्स ग्लेनिस तिची लहानपणची मैत्रीण.

बाही वर करताना नोरीनच्या तोंडून निसटलंच, "ॲडलेडचं पत्र वाचलंत ना तुम्ही?"

"कसलं पत्र? तू हॉस्पिटलात होतीस हे मला बेकरीत कळलं, बाई!"

नोरीन खुर्चीत बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. क्लेम दारात टोपी धरून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आठ आठवडे तोंडाला कुलूप लावून बसलीस?" ग्लेनिस कडाडली.

"मला वाटलं, तुम्हीच लपवताय."

ग्लेनिसने ॲडलेडला फोन लावला. पाऊण तास कुणी धड उत्तर देईना. क्लेमने आत येऊन नोरीनचा हात दोन्ही हातांत दाबून धरला. शेवटी उलगडा झाला. हॉस्पिटलच्या नोंदीत तिचे डॉक्टर म्हणून अजून जुन्या डॉक्टरांचंच नाव होतं, आणि ते दोन वर्षांपूर्वीच गाव सोडून गेले होते. पत्र त्यांच्या नावाने त्यांच्या नव्या पत्त्यावर गेलं होतं. त्याची प्रत आली, ती ग्लेनिसने मोठ्याने वाचली. "सहा आठवड्यांत पुन्हा स्कॅन करावा."

"दोन आठवडे वर झाले," नोरीन एवढंच म्हणाली.

शुक्रवारी स्कॅन झाला. निकालाला पाच दिवस लागले, आणि ते पाच दिवस आधीच्या आठ आठवड्यांहून जड गेले. बुधवारी गावच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं.

"ठिपका वाढलेला नाही. बहुधा न्यूमोनियाचा व्रण आहे. जानेवारीत पुन्हा बघू."

"बहुधा म्हणजे?" या वेळी नोरीनने विचारलं.

बाईंनी कागदावर फुफ्फुस काढून दाखवलं, आणि खात्री आत्ताच देता येत नाही हेही सांगितलं. नोरीनने पत्राची प्रत मागून घेतली.

परतताना धक्क्याच्या वळणावर क्लेमने गाडी थांबवली. "पुन्हा घाबरायची वेळ आली, तर एकटीने घाबरू नकोस. मीही आहे ना घाबरायला."

तेव्हा कुठे ती रडली. बरगड्या दुखेपर्यंत रडली.

जानेवारी अजून यायचाय. नोरीन पुन्हा अर्धा दिवस कामाला जाते. भीती गेलेली नाही. पण आता ती क्लेमलाही ठाऊक आहे.