मीटर, मास्तर आणि हिराकाकींचा तांब्या

आमच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, किस्से मात्र रोज! आठ घरं, एक पाइप आणि प्रत्येकाच्या दाराशी पाण्याचा मीटर. कोण कुणाला काय म्हणालं, याची नोंद ठेवायला मी आहेच. आमचे हे म्हणतात, "तुझ्या तोंडालाच मीटर बसवायला हवा." बसवा की! रीडिंग घेता घेता माणूस दमेल.

या मीटरपायी शेवटच्या घरातल्या हिराकाकी उगाच बदनाम झाल्या होत्या. बाई एकटी, आणि आकडा सगळ्या गल्लीत जास्त! 'पाणी उधळणारी' हे नावच पडलं होतं. ते कसं पुसलं गेलं, त्यावर येतेच.

*

मीटर वाचायला सलीमभाई येतात. गल्लीची खबर सगळ्यात आधी मलाच, असा माझा समज. एकदा काच पुसत म्हणाले, "भाभी, पाहुणी आठवडाभर राहून गेली वाटतं?"

खरंच नणंद येऊन गेली होती! "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मीटरने. दोन टाइम नहाणारी होती."

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या तोडीचा माणूस भेटला!

*

खंडेनवमीला आम्ही स्कूटर, मिक्सर, शिलाई मशीन, सगळं पुजतो. एका वर्षी मनात आलं, मीटर बिचारा वर्षभर फिरतो, त्यालाच का वगळायचं? हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं केलं. माझं बघून आख्ख्या गल्लीने केलं.

पुढच्या आठवड्यात सलीमभाई आले, तर आठही काचा लालभडक! एक आकडा दिसेना. डोक्याला हात लावून म्हणाले, "आता वहीत काय लिहू? मीटर चालू आहे, पण देव झालाय?"

*

मग कळलं, पालिका सगळे मीटर बदलायचा विचार करतेय. नवा मीटर आपणहून ऑफिसात रीडिंग पाठवणार, मोबाइलवरही दिसणार. लोकांचं म्हणणं ऐकायला सभाही ठेवली.

आमचे रिटायर्ड लिमये मास्तर त्या दिवसापासून मोबाइल बंद करून आंघोळीला जायला लागले!

"अहो मास्तर, अजून मीटर बसलाय कुठे?"

"सवय आधीपासून असलेली बरी."

सलीमभाईंना वेगळीच काळजी. "मीटर स्वतः बोलायला लागला, तर मला चहा कोण देणार भाभी?"

*

काळजी खरी हिराकाकींना. मुलगा उलव्याला राहायला गेलेला. मास्तर येता-जाता टोमणा मारायचे, "काय काकी, घरात म्हैस बांधलीय का?"

"म्हस नाय मास्तर, नलाला वारा येतो, वारा! त्याच्यावर फिरतो मीटर!"

"वाऱ्यावर गिरणी फिरते काकी, मीटर नाही!" सगळे हसायचे. खोटं कशाला बोलू, मीही हसले होते.

एकदा पाणी यायच्या वेळेला मुद्दाम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, बघू तरी ही बाई पाणी नेते कुठे! काकींनी नळ सोडला. फुस्स्स! थेंब नाही, नुसती हवा. आणि मीटरचा काटा? गरागरा! पुढची सात घरं भरून पाणी इथे पोचेपर्यंत पाइपातली सगळी हवा काकींच्याच नळातून बाहेर पडत होती.

"बगितलास?" काकी म्हणाल्या. "आता नवा मीटर ह्योच आकडा सरल हापिसात धाडंल. मंग मी कोनाला सांगू गो?"

माझी मान खाली. मग विचारलं, "काकी, मी काय करू?"

"तुजा काच तडकली म्हनून काढलेला जुना मीटर माल्यावर हाय ना? तो दे."

*

आज काकींच्या पाइपवर हवा सोडणारा व्हॉल्व्ह आहे. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो मास्तरच कौतुकाने दाखवतात, "आमच्या काकींनी आणला!" कसा आणला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पालिकेच्या सभेत इंजिनिअर साहेब पडद्यावर चित्रं दाखवत होते. काकी हात वर करून उठल्या, "साहेब, मीटर वाऱ्यावर फिरतो."

साहेब समजुतीने म्हणाले, "आजी, मीटर फक्त पाणी मोजतो."

मागून कुणीतरी हसलं. मास्तरच असणार!

काकी तरातरा पुढे गेल्या. पिशवीतून मीटर काढून साहेबांच्या तोंडापुढे धरला. "फुका."

"काय?"

"फुका हो साहेब! धुतलाय."

साहेबांनी हसत हसत फुंकर मारली. काटा हलला. साहेबांचं हसू थांबलं. मग गाल फुगवून जोरात फुंकलं. काटा गरागरा! मास्तर खुर्चीवरून अर्धे उठलेले.

"किती झालं?" काकींनी विचारलं.

साहेबांनी चष्मा सावरून आकडा वाचला. "दोन लिटर."

काकींनी पिशवीतून रिकामा तांब्या काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"मंग वता यात!"